तलावाची पाळ व चिकण मातीचे बल : चंद्रपूर–गडचिरोली

चिकण मातीवर पूर्वी किती भार पडला, तो किती काळ टिकला आणि पुढे तो कमी झाला की कायम राहिला, या घटनाक्रमास त्या मातीचा दृढीभवन-इतिहास म्हणतात. मातीचा एक भाग दुसऱ्यावरून घसरू लागला असता माती त्यास जो विरोध करते, त्याच्या कमाल मर्यादेस तिचे कर्तनबल म्हणतात. घटक सारखे, रंग सारखा, परंतु इतिहास भिन्न, अशा दोन मातींचे कर्तनबल दुपटीतिपटीने भिन्न असू शकते. महाराष्ट्रात या तत्त्वाचा विचार करण्यास सर्वांत योग्य क्षेत्र म्हणजे चंद्रपूर व गडचिरोली हे वनप्रधान जिल्हे होत. येथील भातशेती शेकडो वर्षे मातीच्या बांधांनी अडविलेल्या तलावांवर उभी आहे. हे बांध कोणत्याही गणिताविना बांधले गेले. ते टिकले याचे एक महत्त्वाचे कारण मातीला मिळालेला काळ हे होय. आज त्यांची दुरुस्ती, खोलीकरण व उंची वाढविण्याची कामे चालू असताना हे कारण समजून घेणे अगत्याचे ठरते.

प्रदेश व मृदा : चंद्रपूर जिल्ह्याचा पश्चिमेकडील वरोडा–राजुरा हा भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकांच्या कडेवर येतो. तेथे खोल काळी माती आढळते. मध्यभागात वर्धा खोऱ्यातील गोंडवनी संघाचे कोळसायुक्त वालुकाश्म पसरलेले आहेत, तर पूर्वेस वैनगंगेच्या दोन्ही बाजूंस व गडचिरोली जिल्ह्याच्या बऱ्याच भागात अतिप्राचीन ग्रॅनाइटसदृश पट्टिताश्म आहेत. स्थानिक शेतकरी मातीचे कन्हार, मोरांड, खरडी, बरडी असे प्रकार मानतात. कन्हार ही सर्वांत खोल, काळी व चिकट. मोरांड तीहून हलकी व चुनखडीचे खडे असलेली. खरडी उथळ, तर बरडी मुरमाड असते. ब्रिटिश जमाबंदी अधिकाऱ्यांनी शेतसारा ठरविताना हेच वर्गीकरण आधारास घेतले.

बेसाल्टपासून झालेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज अधिक असते. पाणी मिळताच ते फुगते व वाळताना आकसते. पट्टिताश्मांतील फेल्स्पार कुजून झालेल्या मातीत केओलिनाइटाचे प्रमाण अधिक असून ती तुलनेने कमी फुगते. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे; कारण मातीने भाराखाली मिळविलेले बल कितपत टिकेल, हे ती पाण्याने किती फुगते यावर बरेचसे अवलंबून असते.

निसर्गानेही या प्रदेशात मातीवर भार टाकून तो पुन्हा काढून घेतलेला आहे. वरोडा तालुक्यातील पिसदुरा येथील लॅमेटा थरांतील तांबड्या व हिरवट मृत्तिका डायनोसॉरांच्या जीवाश्मांसाठी प्रसिद्ध आहेत. सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्ह्यांनी लॅमेटा थर झाकले गेले व दीर्घकालीन झीजेने ते पिसदुऱ्यास पुन्हा उघडे पडले. अशी मृत्तिका आज उथळ असली, तरी तिने एकेकाळी तीवरील खडकांचे ओझे सोसलेले असते.

तलावांची परंपरा : चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्यास त्या तलावाने भिजेल तेवढी जमीन देण्याची रीत पाडली, अशी परंपरा आहे. वैनगंगेच्या खोऱ्यात कोहळी समाजाने या कामात विशेष नाव मिळविले. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावली व मूल आणि गडचिरोलीकडील आरमोरी, देसाईगंज (वडसा), कुरखेडा, चामोर्शी या भागांत लहानमोठ्या तलावांची दाट साखळी निर्माण झाली. लहान तलावास येथे बोडी म्हणतात. चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा १८६९ चा अहवाल मेजर लूसी स्मिथ यांनी लिहिला असून त्यात या तलावांची व कोहळ्यांच्या कौशल्याची नोंद आहे.

१७५१ मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे आणि १८५४ मध्ये इंग्रजांकडे गेले. इंग्रजी अमलात गावाचा सारा भरणाऱ्या मालगुजारांना मालकी हक्क मिळाले; तलावही त्यांच्याकडे आले आणि ‘मालगुजारी तलाव’ हे नाव रूढ झाले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या आजच्या चार जिल्ह्यांत मिळून अशा तलावांची संख्या सहा हजारांहून अधिक भरते. वर्षाकाठी सरासरी १,२०० ते १,५०० मिमी. पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात पावसाचा खंड पडला की भाताचे पीक धोक्यात येते. अशा वेळी तलावाचे पाणी पीक तारते. म्हणून पाळ फुटणे म्हणजे केवळ बांधकामाची हानी नव्हे, तर खालच्या गावाला धोका व एका हंगामाच्या अन्नाचा नाश होय.

पाळ बांधण्याची रीत : तलावाच्या बांधास पाळ व पाणी सोडण्याच्या पारंपरिक योजनेस तुडुम म्हणतात. जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाते. जागा निवडताना दोन टेकड्यांमधील सखल, परंतु रुंद भाग पाहिला जाई. माती जवळपासची असे. यंत्रापूर्वीच्या काळातील मातीकामात टोपलीने माती वाहणे, थर पसरणे, माणसे व जनावरे फिरवून तो तुडविणे आणि धुमसाने ठोकणे या क्रिया असत. काम उन्हाळ्यात चाले व पावसाळ्यात थांबे. मोठ्या पाळीस एकाहून अधिक हंगाम लागत.

या सक्तीच्या विश्रांतीचे महत्त्व मोठे होते. पावसाळ्यात पहिला भाग भिजे, आपल्या वजनाने खचे, त्यातील पाणी हळूहळू निघून जाई आणि पुढील हंगामात त्यावर नवा थर चढे. तुडविण्याने मातीतील हवा निघून जाते व ती तत्काळ घट्ट होते. चिकण मातीतील पाणी मात्र तुडवून निघत नाही, ते भाराखाली सावकाश झिरपूनच जाते. पहिली क्रिया श्रमाने साधते, दुसरीस काळच लागतो. मृद्‌यांत्रिकीत पहिलीस संहनन व दुसरीस दृढीभवन म्हणतात.

भाताच्या बांधीत याच्या नेमके उलट घडविले जाते. रोवणीपूर्वी शेतकरी चिखलणी करतो. त्या वेळी माती पाण्यासह घोळून तिची जुनी रचना मोडली जाते. चिखलणीत मातीचा इतिहास पुसून टाकणे हाच हेतू असतो. एकाच गावात, एकाच मातीचे, पाळीसाठी बल जमविणे आणि रोवणीसाठी बल घालविणे असे दोन विरुद्ध उपयोग शेजारी शेजारी चालत आले आहेत.

ब्रिटिश काळातील मोठे तलाव : १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांताची मोठी हानी केली. त्यानंतर नेमलेल्या भारतीय सिंचन आयोगाने (१९०१–०३) मध्य प्रांतातील भातक्षेत्रासाठी तलावांची शिफारस केली. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात चांदा जिल्ह्यात आसोला मेंढा, घोडाझरी, नलेश्वर यांसारखे मोठे सरकारी तलाव अस्तित्वात आले. आकाराने ते मालगुजारी तलावांहून पुष्कळच मोठे असले, तरी मूळ कल्पना तीच होती : टेकड्यांमधील मातीचा बांध व खालचे भातक्षेत्र.

मातीच्या उंच धरणांविषयी अभियंत्यांचे ज्ञान त्या काळी अनुभवजन्य होते. पश्चिम महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात वाघाड (नासिक जिल्हा) व आष्टी (सोलापूर जिल्हा) येथील धरणांचे उतार घसरले होते. या अनुभवांच्या आधारे डब्ल्यू. एल्. स्ट्रेंज यांनी भारतातील मातीच्या धरणांवर १९०४ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ बराच काळ प्रमाणभूत मानला गेला. केवळ काळी माती न वापरता तीत मुरूम मिसळावा, पाया खोदून पाण्याचा निचरा करावा, बांध सावकाश चढवावा व खचण्यासाठी उंचीत वाढावा ठेवावा, असे नियम रूढ झाले. नियम योग्य होते; परंतु चिकण मातीचे बल काळानुसार का वाढते आणि कधीकधी वर्षांनंतर का घटते, याचे उत्तर त्यांत नव्हते.

सिद्धांताचा उदय : फ्रेंच अभियंता शार्ल कूलंब यांनी १७७३ मध्ये मांडलेल्या निबंधात मातीचे बल संसंजन व घर्षण अशा दोन भागांत विभागले. संसंजन म्हणजे कणांनी परस्परांस धरून राहणे. घर्षण हे दाबाच्या प्रमाणात वाढते. कालव्यांच्या कडांवरील चिकण मातीच्या घसरणींचा अभ्यास करून आलेक्सांद्र कॉलँ यांनी १८४६ मध्ये ग्रंथ लिहिला व मातीच्या बलावर ओलाव्याचा होणारा परिणाम दाखविला. परंतु तो दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. चिकण माती कोणत्या ओलाव्यास द्रवासारखी वाहते व कोणत्या ओलाव्यास तिचा वळ करता येतो, या मर्यादा स्वीडनचे अल्बर्ट आटरबर्ग यांनी १९११ मध्ये निश्चित केल्या.

निर्णायक पाऊल कार्ल टेर्झागी यांनी टाकले. इस्तंबूलमधील रॉबर्ट कॉलेजात साध्या साधनांनी प्रयोग करून त्यांनी १९२३ मध्ये दृढीभवनाचे समीकरण मांडले व १९२५ मध्ये मृद्‌यांत्रिकीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या विचाराचे सार असे : पाण्याने भरलेल्या चिकण मातीवर भार टाकला की, आरंभी तो भार कणांवर न येता त्यांमधील पाण्यावर येतो. पाणी जसजसे झिरपून जाते, तसतसा भार कणांच्या सांगाड्याकडे जातो. एकूण दाबातून रंध्रांतील पाण्याचा दाब वजा केला असता जो उरतो, तो प्रभावी दाब. मातीचे घर्षण व पर्यायाने बल या प्रभावी दाबानेच ठरते.

पाणी निघून जाण्यास लागणारा काळ झिरपण्याच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रयोगशाळेत दोन्ही बाजूंनी निचरा होणाऱ्या २ सेंमी. जाडीच्या नमुन्यात सर्वांत लांबचे पाणी १ सेंमी. अंतर कापते. त्यास एक तास लागला असे मानल्यास, त्याच मातीत ३ मी. अंतर कापण्यास ९०,००० तास, म्हणजे दहा वर्षांहून अधिक काळ लागेल. पाळ एका उन्हाळ्यात उभी राहिली, तरी तिचे बल त्या उन्हाळ्यात पूर्ण होत नाही, हे यावरून स्पष्ट होईल.

१९३६ मध्ये अमेरिकेतील हार्व्हर्ड विद्यापीठात मृद्‌यांत्रिकीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तीत आर्थर कासाग्रांदे यांनी मातीने पूर्वी सोसलेला कमाल दाब नमुन्याच्या चाचणीवरून काढण्याची आलेखपद्धती सांगितली. या दाबास पूर्वदृढीभवन दाब म्हणतात. एम्. यूल ह्वोर्स्लेव यांनी १९३७ मधील आपल्या प्रबंधात चिकण मातीचे बल तिच्यावरील प्रभावी दाबाप्रमाणेच तिच्यातील पोकळीच्या प्रमाणावरही अवलंबून असते, हे दाखविले. पुढे इंग्लंडमध्ये ॲलेक स्केम्प्टन आणि त्यांचे सहकारी यांनी, तसेच केंब्रिजमध्ये केनेथ रॉस्को, अँड्र्यू स्कोफील्ड व पीटर रॉथ यांनी (१९५८) ही सूत्रे एका व्यापक सिद्धांतात गुंफली.

भारतात मृद्‌यांत्रिकीची राष्ट्रीय संस्था १९४८ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्रातील धरणांसाठी मृदापरीक्षणाचे काम नासिक येथील महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत (स्थापना १९५९) होऊ लागले. पवईच्या भारतीय तंत्रशास्त्र संस्थेत आर्. के. कट्टी यांनी काळ्या मातीच्या फुगण्यावर केलेले काम विशेष उल्लेखनीय होय. काळ्या मातीवर न फुगणाऱ्या संसंजक मातीचा सु. १ मी. जाडीचा थर दिल्यास फुगणे आवरते, हे त्यांनी दाखविले. कालव्यांच्या अस्तरासाठी ही पद्धत उपयोगात आली.

भाराचा इतिहास व बल : ज्या मातीवर आज असलेला प्रभावी दाब हाच तिच्या आयुष्यातील कमाल दाब असतो, तीस सामान्य दृढीभूत माती म्हणतात. पूर्वीचा दाब आजच्याहून अधिक असल्यास ती अतिदृढीभूत असते. पूर्वीच्या कमाल दाबास आजच्या दाबाने भागले असता अतिदृढीभवन गुणोत्तर मिळते. पाणी निघून जाण्यास अवसर न देता माती कापली असता मिळणारे बल सामान्य दृढीभूत मातीत प्रभावी उभ्या दाबाच्या सु. ०·२२ पट असते. अतिदृढीभूत मातीत ते गुणोत्तराच्या सु. ०·८ घातानुसार वाढते. अमेरिकेतील चार्ल्स लॅड व त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकात मांडलेला हा संबंध जगभर वापरला जातो.

उदाहरणार्थ, ५ मी. उंच पाळीच्या मध्यभागाखालील पायावर दर चौ. मी.स सु. १०० किलोन्यूटन दाब येतो. ही पाळ कालांतराने झिजली वा उतरविली आणि पायावर २५ किलोन्यूटन दाब उरला, तर अतिदृढीभवन गुणोत्तर ४ होते. इतका मोठा भार कधीच न सोसलेल्या मातीचे बल २५ किलोन्यूटन दाबाखाली सु. ५·५ किलोन्यूटन भरेल. जुन्या पाळीखालील मातीचे मात्र सु. १६·५, म्हणजे तिप्पट. वरून पाहता दोन्ही माती एकच. फरक आहे तो केवळ एकीने पाळ वाहिल्याचा.

वाळण्याचा परिणामही भारासारखाच होतो. उन्हाळ्यात तलाव आटला की गाळातील पाणी ओढले जाऊन कणांवर शोषणाचा मोठा ताण येतो व गाळ आकसतो. दर वर्षी तळ उघडा पडणाऱ्या बोडीतील गाळाचा वरचा थर त्यामुळे अतिदृढीभूत होतो. ज्या तलावाचा तळ कधीच उघडा पडत नाही, त्याचा गाळ स्वतःच्या पाण्यात बुडालेल्या वजनाखेरीज काहीच सोसत नाही. अशा गाळाच्या १·५ मी. जाडीच्या थराचे सरासरी बल दर चौ. मी.स एखाद्या किलोन्यूटनाहून क्वचितच अधिक भरते. माणूस त्यात सहज रुततो.

इतिहास पुसणाऱ्या क्रिया : मिळविलेले बल कायमचे नसते. अतिदृढीभूत माती कापली जाताना प्रसरण पावू पाहते व पाणी शोषते. पाणी शिरण्यास वेळ असेपर्यंत ती अतिशय बळकट वाटते. वेळ जाताच ती मऊ होते. म्हणून अशा मातीत खोदलेला उभा चर पहिल्या वर्षी टिकतो आणि काही पावसाळ्यांनंतर कोसळतो. लंडन परिसरातील मृत्तिकेत रेल्वेसाठी केलेल्या खोदाईच्या कडा कित्येक दशकांनी घसरल्या. स्केम्प्टन यांनी १९६४ मधील आपल्या रँकिन व्याख्यानात याची मीमांसा केली. मातीचे बल प्रथम शिखर गाठते आणि एकाच पृष्ठावर घसरत गेल्यास कण समांतर होऊन ते अवशिष्ट पातळीवर उतरते, हे त्यांनी दाखविले.

काळ्या मातीत या क्रियेस ऋतुचक्राची जोड मिळते. उन्हाळ्यात भेगा पडतात, पहिल्या पावसाचे पाणी त्यांत उतरते, माती आतून फुगते व तीत गुळगुळीत घसरपृष्ठे तयार होतात. वर्षानुवर्षांच्या या आवर्तनाने वाळण्यातून मिळालेले बल पुनःपुन्हा गमावले जाते. पूर्वेकडील केओलिनाइटप्रधान माती याबाबतीत अधिक स्थिर असते. वैनगंगेच्या खोऱ्यातील पाळी दीर्घकाळ टिकण्यास ही भूवैज्ञानिक अनुकूलताही कारणीभूत झाली असणे स्वाभाविक आहे.

मातीची घडण पूर्णपणे मोडल्यास काय होते, हे वर्धा खोऱ्यातील खुल्या कोळसा खाणींत दिसते. कोळशावरील माती व खडक काढून त्यांचे उंच ढीग रचले जातात. जमिनीखाली दीर्घकाळ दबून राहिलेली मृत्तिका उकरून ओतली की, तिचे जुने दृढीभवन संपते. ढिगातील माती ही नव्याने जन्मलेली माती असते. ढीग काळ्या मातीवरच रचला असल्यास पायाही दुबळा असतो. भार झपाट्याने चढतो, पाणी निघण्यास अवसर मिळत नाही, आणि पावसाने रंध्रजलाचा दाब वाढतो. राजुरा तालुक्यातील सास्ती येथील खुल्या खाणीत २००९ मध्ये ढीग घसरून जीवितहानी झाली. पाळीस लाभलेला काळ व ढिगास न लाभलेला काळ यांतील अंतर या प्रदेशात काही कोसांच्या आतच पाहावयास मिळते.

१९५१ नंतर : मालकी हक्क नष्ट करणाऱ्या कायद्याने १९५१ मध्ये मालगुजारी संपली व तलाव शासनाकडे आले. पाळीची वार्षिक डागडुजी, सांडव्याची सफाई, उंदीर–घुशींची बिळे बुजविणे ही कामे पूर्वी मालगुजार व गावकरी यांच्या संबंधातून होत असत. मालकी बदलताच ही व्यवस्था सैल पडली. महाराष्ट्रात शंभर हेक्टरांपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदांकडे व त्यांहून मोठे राज्य शासनाच्या पाटबंधारे खात्याकडे राहिले. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. त्यापूर्वीच चामोर्शी तालुक्यातील रेगडी येथे दिना नदीवर मातीचे धरण झाले होते. परंतु १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर तुलतुलीसारखे प्रकल्प वनजमिनीच्या प्रश्नामुळे अडकले. परिणामी जुन्या तलावांचे मोल वाढले. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाची कोनशिला १९८८ मध्ये बसविण्यात आली. त्याच्या उजव्या कालव्याचे पाणी घेण्यासाठी आसोला मेंढा तलावाचे नूतनीकरण व उंची वाढविण्याचे काम प्रकल्पात अंतर्भूत करण्यात आले. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ मध्ये आली, आणि जुने तलाव खोल करण्याच्या कामांस गती मिळाली.

उंची वाढविणे व गाळ काढणे : जुनी पाळ शंभर वर्षे उभी आहे, म्हणून ती आणखी भार सहज सोसेल, हा समज अर्धसत्य आहे. पाळीच्या मध्याखालील जमीन दृढ झालेली असते. पायथ्याबाहेरील जमिनीने मात्र कधीच भार पाहिलेला नसतो. समजा, ६ मी. उंचीची, एकास दोन उताराची पाळ २ मी.नी उंच करावयाची आहे. पाण्याकडील उतार आहे तसाच वर नेला आणि माथ्याची रुंदी कायम ठेवली, तर मागील पायथा ८ मी. बाहेर सरकतो. नवी माती तेथे, म्हणजे सर्वांत दुबळ्या जमिनीवर येते. झिरपणाऱ्या पाण्याने हा भाग बहुधा आधीच ओला असतो. घसरण होण्यास हीच जागा सर्वाधिक अनुकूल ठरते. पाण्याच्या बाजूस भराव टाकल्यास तो तलावाच्या मऊ गाळावर बसतो. तेथील परिस्थिती याहूनही नाजूक असते.

गाळ काढताना वेगळा धोका संभवतो. पाळीच्या पायथ्याशी साचलेला गाळ स्वतः दुबळा असला, तरी त्याच्या वजनाने उतारास टेकण मिळालेले असते. तो पायथ्यापर्यंत खणून काढल्यास हे टेकण जाते आणि खालच्या अतिदृढीभूत मातीवरील भार कमी होऊन ती पाणी शोषू लागते. परिणाम त्याच उन्हाळ्यात दिसत नाही. तो काही पावसाळ्यांनी दिसतो. काढलेला ओला गाळ पाळीवरच टाकणे हेही अयोग्य होय. घोळलेल्या गाळास कोणताही इतिहास नसतो. तो पाळीचे वजन वाढवितो, बल वाढवीत नाही. शेतात तो उपयुक्त, पाळीवर घातक ठरतो. तलावाचे पाणी एकाएकी सोडल्यासही अडचण येते : बाहेरील पाण्याचा आधार जातो, परंतु मातीतील पाणी त्याच वेगाने निघू शकत नाही व आतील उतार घसरतो.

या कारणांमुळे अशा कामांत काही सावधगिरी आवश्यक मानली जाते. मध्याखालील व पायथ्याबाहेरील, अशा दोन्ही ठिकाणच्या मातीचे न हलविलेले नमुने घेऊन पूर्वदृढीभवन दाब निराळा काढावा लागतो. मऊ मातीत पात्यांच्या साधनाने जागेवरच बल मोजता येते. मोठ्या बांधांत रंध्रजलाचा दाब मोजण्यासाठी नळ्या बसवितात व तो उतरल्यावरच पुढील थर चढवितात. ज्या लहान बोडीसाठी असा खर्च परवडत नाही, तेथेही जुन्या उताराची माती खरवडून पायऱ्या कापणे, त्यांत नवे थर गुंतविणे, पायथ्याशी मुरमाचा किंवा दगडांचा निचरा देणे, खोदाई पायथ्यापासून पुरेशी दूर ठेवणे आणि काम दोन हंगामांत विभागून मध्ये एक पावसाळा जाऊ देणे शक्य असते. यांतील अखेरचा नियम जुन्या बांधकऱ्यांनी नाइलाजाने पाळला होता. यंत्रांमुळे तो नाइलाज आता उरलेला नाही. काही आठवड्यांत उभा राहणारा भराव जुन्या पाळीसारखा दिसतो, परंतु त्याच्या अंतर्भागातील पाण्याचे वय काही आठवड्यांचेच असते.

चंद्रपूर–गडचिरोलीच्या तलावांविषयी बोलताना सिंचनक्षेत्र, साठा व गाळ यांची गणना नेहमी होते. पाळीच्या मातीने किती भार किती काळ वाहिला, ही नोंद मात्र क्वचितच ठेवली जाते. जुन्या जमाबंदीची कागदपत्रे, दुरुस्तीच्या नोंदी, पाळ कोठे व कोणत्या वर्षी फुटली याविषयी गावकऱ्यांची माहिती, ही अभियंत्याच्या दृष्टीने मातीच्या नमुन्याइतकीच मोलाची साधने होत. फुटून पुन्हा भरलेला पाळीचा भाग शेजारच्या भागाहून वयाने लहान असतो, आणि त्याच्या बलाचा हिशेबही निराळाच करावा लागतो.